सतरा वर्षं मुंबईत अकाउंट्स केले, आता अमेरिकेत अकाउंटिंगचं मास्टर्स करावं का?

मुलुंड_पूर्व

नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल.

मी २००२ ची बीकॉम, मुंबई विद्यापीठ, फर्स्ट क्लास. त्यानंतर सतरा वर्षं मुंबईतच अकाउंट्स केले. सुरुवात फोर्टमधल्या एका लहान फर्ममध्ये व्हाउचरं फाइल करण्यापासून झाली, शेवटची नोकरी अंधेरी एमआयडीसीतल्या एका निर्यात कंपनीत अकाउंट्स मॅनेजरची. टॅली, टीडीएस, एक्साइज, व्हॅट सगळं हाताखालून गेलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा जुन्या स्टॉकवरचं क्रेडिट पुढे ओढायला तो ट्रान-१ फॉर्म भरताना आम्ही शेवटच्या लोकलने घरी जायचो. २०१९ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यू जर्सीला गेलो. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून. कामाची परवानगी २०२१ मध्ये आली आणि तेव्हापासून एका मध्यम आकाराच्या कंपनीत अकाउंट्स पेएबलला आहे. बिल येतं, मी कोड टाकते, पेमेंट निघतं.

इंटरव्ह्यूला बायोडेटा चाळून झाल्यावर एकच प्रश्न आला होता, "इथला अनुभव किती?" मी म्हटलं, काहीच नाही. पगार त्या "काहीच नाही"वर ठरला. तेव्हा वाईट वाटलं नाही, काम हवं होतं. त्या उत्तराचा खरा अर्थ मला डिसेंबरात कळला.

ऑक्टोबरात विम्याचं बिल आलं होतं, ३६,००० डॉलर, १ ऑक्टोबर ते पुढच्या ३० सप्टेंबरपर्यंतचं. सूचनेप्रमाणे मी सगळी रक्कम विमा खर्चात टाकली. तिथं बहुतेक कंपन्यांचं वर्ष डिसेंबरला संपतं. वर्ष बंद करताना मी मॅनेजरना म्हटलं, यातले तीन महिन्यांचे ९,००० यंदाचे, उरलेले २७,००० प्रीपेडला, म्हणजे आगाऊ दिलेल्या खर्चात, ठेवायला हवेत. त्यांनी स्क्रीनवरची नजर न काढता सांगितलं, "दरवर्षी असंच करतो, फरक पडत नाही." मी गप्प बसले. मार्चमध्ये ऑडिटर आले आणि त्यांनी नेमकी तीच एंट्री काढली. प्रीपेड नावे २७,०००. जमेला मात्र दोन ओळी होत्या, एक विमा खर्चाची आणि दुसरी रिटेन्ड अर्निंग्जची, म्हणजे मागच्या वर्षांच्या साठलेल्या नफ्याची. रकमा आता आठवत नाहीत, पण दुसरी ओळ मोठी होती. आपल्याकडे एएस-५ या हिशेबाच्या स्टँडर्डप्रमाणे मागल्या वर्षाची चूक यंदाच्या नफा-तोट्यात वेगळी दाखवायची, तीच सवय माझ्या हाताला. इथं ती थेट मागे का गेली? मी विचारलं. ऑडिटचा मुलगा मॅनेजरकडे बघायला लागला. मॅनेजर म्हणाले, "हा तुझ्या कामाचा भाग नाही."

माझे बाबा मस्जिद बंदरला मिरचीच्या पेढीवर हिशेबनीस होते. पेढीचं वर्ष दिवाळी ते दिवाळी. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा, पाडव्याला नवी कीर्द. प्राप्तिकरासाठी सगळ्यांनाच ३१ मार्चचं वर्ष लागू झालं ते १९८९ ला. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. रात्री जेवणं झाली की बाबा पाटावर खतावणी उघडून कुठला खर्च अलीकडचा, कुठला पलीकडचा हे वेगळं करत बसायचे. पेन्सिलीने आधी बारीक टिंब, खात्री झाली की त्यावर शाईची खूण. मला म्हणायचे, "पैसे कधी दिले ते नंतर बघ. आधी खर्च कुठल्या वर्षाचा ते विचार." जी गोष्ट मी आठव्या वर्षी शिकले ती सांगायचा अधिकार मला चाळिशीत नव्हता, हे माझ्या मनातून जात नाही.

तर आता अकाउंटिंगचं मास्टर्स करायचं मनात आहे. ३० क्रेडिट, संध्याकाळचे वर्ग, नोकरी सांभाळून दोन-अडीच वर्षं. सध्या ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या मार्कांच्या अधिकृत उताऱ्याच्या, कामासाठी आईकडे मुलुंडला आले आहे, पाच आठवडे आहेत हाताशी. एमकॉमचा पहिला भागही विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून केला होता, मुलगी झाली आणि दुसरा राहिला. वय ४४. मुलगी नववीत. सुटी क्रेडिट कम्युनिटी कॉलेजमधून घेऊन सीपीएला (आपल्या सीएसारखी तिथली परीक्षा) बसावं, की पूर्ण मास्टर्स करावं? या वाटेने गेलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

रात्रपाळी_मालाड

ताई, मी मालाडला अमेरिकन टॅक्सचं काम करते, चार वर्षं झाली. जानेवारी ते १५ एप्रिल आम्हाला दिवस-रात्र कळत नाही. आधी १५ मार्चला भागीदारी आणि एस कॉर्पोरेशनची रिटर्न, मग १०४० चा, म्हणजे वैयक्तिक रिटर्नचा, लोंढा.

तुम्ही ईए, म्हणजे एन्रोल्ड एजंट, याचा विचार केलाय का? त्याला डिग्रीची अटच नाही. तीन पेपर, परीक्षा तिथल्या टॅक्स खात्याची, आणि पास झाल्यावर करदात्याच्या वतीने त्या खात्यासमोर उभं राहता येतं. देशातल्या सगळ्या राज्यांत चालतं. आमच्या टीममधल्या दोघींनी इथं मुंबईत बसूनच केलं. मास्टर्सच्या फीच्या मानाने खर्च काहीच नाही. वर्षभरात हातात काहीतरी येईल.

आमटीभात

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मुलगी नववीत म्हणजे चार वर्षांत तिचं कॉलेज. तिथली कॉलेजची फी काय असते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. त्यात तुमची कामाची परवानगी नवऱ्याच्या ग्रीनकार्डच्या अर्जावर टांगलेली. उद्या त्यांची नोकरी गेली तर तुमचीही जाईल आणि डोक्यावर फी राहील. माझ्या बहिणीने तिथं असंच दुसरं मास्टर्स केलं (विषय वेगळा होता), आणि डिग्री हातात आली त्याच वर्षी सगळ्यांना परत यावं लागलं. डिग्री तिच्याकडे आहे, कर्ज भाऊजी फेडताहेत. अन्याय झाला हे मान्य. पण तो एका मॅनेजरने केला. नोकरी बदलून बघितली का?

मुलुंड_पूर्व

आमटीभात, राग अजिबात नाही. घरी हेच बोलणं रोज चालतं आणि बहिणीचं तुम्ही लिहिलंत ते मी नवऱ्यालाही वाचून दाखवलं. नोकरी बदलायचा प्रयत्न दोनदा केला. दोन्हीकडे पेएबलचीच जागा देऊ केली. चार वर्षं पेएबल केलं की बायोडेटावर तेवढंच दिसतं.

मालाड, ईएबद्दल खरंच माहीत नव्हतं, आभार. पण मला टॅक्सकडे जायचं नाही गं. मला ताळेबंद वाचायचा आहे आणि तो चुकला असेल तर चुकलाय म्हणून सांगता यायला हवं आहे.

चिराबाजार

तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी १९८१ चा सीए, प्रॅक्टिस आता मुलाच्या हाती दिली आहे. गिरगावात आमच्या ऑफिसातही वही-पूजन अजून होतं, म्हणून वडिलांच्या आठवणीपाशी थोडा थांबलो.

त्या विम्याबद्दल लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. तुमची एंट्री बरोबर होती. पण मॅनेजरने म्हटलं "फरक पडत नाही", आणि तुम्ही त्याला "बरोबर काय" हे सांगत राहिलात. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ऑडिटमध्ये फरक पडतो का, म्हणजे चूक दखल घेण्याइतकी मोठी आहे का, याला मटेरिअ‍ॅलिटी म्हणतात, आणि त्याचं उत्तर आकड्याशिवाय देता येत नाही. त्या वर्षी कंपनीचा नफा किती होता? आदल्या वर्षी विम्याचा हप्ता किती होता? हे दोन आकडे तुमच्या हाती असते तर तुम्हाला गप्प बसवणं इतकं सोपं नव्हतं. आणि आदल्या वर्षाचा हप्ता शोधलात तर ती रिटेन्ड अर्निंग्जची ओळ कुठून आली तेही समजेल. मी मुद्दाम सांगत नाही, तुम्ही काढा.

आता शिक्षणाबद्दल. आपल्याकडे पंधरा मार्कांचं गणित वेळेत जुळवायला शिकवतात आणि त्यात आपली मुलं कुणाला हार जात नाहीत. मात्र "असं का केलंस" हे एका पानात, स्टँडर्डच्या परिच्छेदाचा आधार देऊन लिहायला आपल्याला क्वचितच कुणी बसवलं. तिथल्या मास्टर्सचं खरं मोल तिथं आहे. म्हणून अभ्यासक्रम बघताना नाव आणि रँकिंग नंतर बघा. आधी बघा, ऑडिटिंगचा स्वतंत्र विषय आहे का, आणि स्टँडर्ड शोधून त्यावर टिपण लिहायला लावणारा विषय आहे का. नसेल तर तुम्ही पुन्हा नावे-जमाच शिकाल आणि त्याचे डॉलर मोजाल.

काही सवयी सोडाव्या लागतील. आपलं इंड एएस, म्हणजे मोठ्या कंपन्यांना लागू असलेली हिशेबाची स्टँडर्ड, आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या वळणावर आहे, तिथलं घर वेगळं. आपल्याकडे शेवटी आलेला माल आधी गेला असं धरून साठ्याची किंमत काढता येत नाही, तिथं लिफो चालतं. आपण जमिनीचं, इमारतीचं पुनर्मूल्यांकन करून वाढीव किंमत दाखवू शकतो, तिथं नाही. मालमत्तेची किंमत एकदा घटवून लिहिली की परिस्थिती सुधारल्यावर आपण ती काही मर्यादेत परत वाढवतो, तिथं वापरातल्या मालमत्तेला ती मुभा नाही. लीजचंही तसंच. आपल्या इंड एएस ११६ मध्ये भाडेकरूला जवळजवळ सगळ्या लीज एकाच पद्धतीने दाखवायच्या, तिथं अजून दोन जाती ठेवल्या आहेत. ज्याचा हात आधीपासून बसलाय त्याला हे फरक नवशिक्यापेक्षा जास्त अडतात. पण फरक कुठे पडतो हे त्यालाच लवकर दिसतं.

क्लीव्हलंडचा_डोंबिवलीकर

मी या वाटेने गेलो आहे, म्हणून कागदपत्रांचं लिहितो. बाकी काकांनी इतकं नेमकं लिहिलंय की मी त्यात पडत नाही.

सीपीएच्या लायसन्ससाठी वर्षानुवर्षं १५० क्रेडिट तासांची अट होती. इथली चार वर्षांची डिग्री १२० ची, म्हणून वरचे ३० मिळवायला लोक मास्टर्स करतात. आपलं बीकॉम तीन वर्षांचं, आणि गाठ तिथं बसते. परदेशी डिग्रीचं मूल्यमापन करणाऱ्या काही संस्था फर्स्ट क्लास आणि विद्यापीठाचा दर्जा बघून ते पूर्ण बॅचलर्स धरतात, काही तीनच वर्षं मोजतात. त्यामुळे एमकॉमच्या पहिल्या भागाची मार्कशीट अजिबात टाकून देऊ नका. अर्धी डिग्री असली तरी ते पदव्युत्तर वर्षाचे पेपर आहेत. तीही मूल्यमापनाला पाठवा.

दुसरं, आणि हे मला महागात पडलं. मी ज्या विद्यापीठात गेलो त्यांनी एका संस्थेचा अहवाल मागितला, सीपीएचं लायसन्स देणाऱ्या राज्याच्या बोर्डाला तो चालेना, त्यांना दुसऱ्या संस्थेचा हवा होता. दोनदा पैसे, दोनदा ट्रान्सक्रिप्ट. म्हणून आधी बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या, दोन्ही याद्या काढा आणि मगच मुंबईत किती सीलबंद प्रती घ्यायच्या ते ठरवा.

आता अट थोडी सैल होते आहे. आमच्या ओहायोने २०२५ च्या जानेवारीत कायदा केला, लागू १ जानेवारी २०२६ पासून. बॅचलर्स, दोन वर्षांचा अनुभव आणि परीक्षा, एवढ्यावर लायसन्स. दुसरी राज्यंही त्याच रस्त्याला लागली आहेत, तुमच्या राज्याचं बोर्डाकडूनच तपासून घ्या. पण अनुभव म्हणजे ज्यावर लायसन्सधारक सीपीए सही करतो तो. तुमच्या मुंबईतल्या सतरा वर्षांवर अशी सही कोण करणार? मी इथं येण्याआधी अकरा वर्षं ठाण्यात काम केलं होतं. त्या अकरा वर्षांचा कागदावर एक दिवसही धरला गेला नाही. ते दुःख मला माहीत आहे, ताई.

परीक्षा २०२४ च्या जानेवारीपासून बदलली. ऑडिट, फायनान्शियल रिपोर्टिंग आणि टॅक्स-कायदा हे तीन सगळ्यांना, चौथा पेपर तिघांतून निवडायचा. प्रत्येक पेपर चार तासांचा, पास व्हायला ७५. मला रिपोर्टिंगच्या पेपरात पहिल्यांदा ७१ आले होते. सरकारी आणि ना-नफा संस्थांचे हिशेब आपण कधी केलेले नसतात, तिथं मी पडलो. तो भाग वर्गात बसून शिकलात तर बरं, एकट्याने पुस्तकातून फार कोरडा जातो.

घाटकोपरची_लेक

मुंबईतलं मी सांगते, दोन वर्षांपूर्वी नणंदेसाठी हे सगळं केलंय.

२००२ चं बीकॉम म्हणजे वार्षिक पद्धत. एफवाय आणि एसवायच्या परीक्षा कॉलेजने घेतलेल्या, फक्त टीवाय विद्यापीठाचं, ७०० मार्कांचं. तेव्हा क्रेडिट वगैरे काही नव्हतं. म्हणून कलिनाला विद्यापीठात जायच्या आधी कॉलेजला जा आणि पहिल्या दोन वर्षांच्या मार्कशीट नसतील तर तिथून डुप्लिकेट काढा. लोक थेट कलिनाला जातात आणि रिकामे परत येतात.

नावाचं बघा. आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. तिकडच्या माणसाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. लग्नाचा दाखला आणि नाव बदलल्याचं गॅझेट किंवा अ‍ॅफिडेव्हिट, याच्या नोटरी केलेल्या प्रती प्रत्येक पाकिटासोबत असू द्या.

आणि सिलॅबस! तुमच्या वर्षाचा अभ्यासक्रम कॉलेजच्या लायब्ररीतून शिक्का मारून घ्या. ऑडिटिंग, कॉस्टिंग, टॅक्स हे शिकलाय हे दाखवता आलं तर पायाभूत विषयांतून कधीकधी सूट मिळते. नणंदेचे दोन विषय वाचले.

रात्रपाळी_मालाड

आमटीभात दादांच्या पैशांच्या मुद्द्यावर, कारण हे रोज आमच्या टेबलावरून जातं. ताई, तुमच्या कंपनीच्या एचआरला विचारा, शिक्षणासाठी मदतीची योजना आहे का. तिथं कंपनीने लेखी योजनेखाली वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत फी भरली तर ती तुमच्या उत्पन्नात धरत नाहीत, अगदी मास्टर्सलासुद्धा. वरची फी तुम्ही स्वतः भरली तर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट आहे, १०,००० पर्यंतच्या फीच्या २० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २,०००. पण दोघांचं मिळून उत्पन्न एका मर्यादेपलीकडे गेलं की ते कमी होत होत बंद होतं, आणि कंपनीने भरलेल्या रकमेवर ते परत घेता येत नाही. दोन कॅलेंडर वर्षांत फी विभागली तर दोन्ही वर्षांचे ५,२५० मिळतात. एका वेळी दोनच विषय घ्यायचं हेही एक कारण.

आमटीभात

ही माहिती असती तर बहिणीचं गणित वेगळं झालं असतं. तिने सगळं एकदम, पूर्ण वेळ घेतलं. मुलुंड_पूर्व, एकेक दोन-दोन विषय, प्रत्येक सत्राला त्या सत्रापुरतीच फी, कर्ज न काढता: असं करणार असाल तर माझा विरोध मागे घेतो. मध्येच परत यावं लागलं तर निदान देणं राहणार नाही.

मुलुंड_पूर्व

घाटकोपर, तुम्ही लिहिलंत तसंच केलं. आधी कॉलेजला गेले. धो धो पाऊस, कागद प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, २००० सालचं काढावं लागेल, बसा. पाऊण तासाने शिपाईकाका एक रजिस्टर घेऊन आले, लाल कापडी बांधणीचं, कडा वाळवीने खाल्लेल्या. बाईंनी पान उलटता उलटता माझा रोल नंबर बोटाने धरला. निळ्या शाईत हाताने लिहिलेले मार्क, कोपऱ्यात तेव्हाच्या सरांची सही. अकाउंटन्सीत ८४. शेजारी माझं माहेरचं पूर्ण नाव, मध्ये बाबांचं. मला ते बघून बोलता येईना. बाईंनी काही विचारलं नाही, फक्त रजिस्टर माझ्याकडे वळवून ठेवलं आणि दुसऱ्या कामाला लागल्या.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. कोविडच्या पहिल्या वर्षी गेले, मला येता आलं नव्हतं.

सिलॅबस मिळाला, शिक्क्यासह. कलिनाचा अर्जही झाला, सहा सीलबंद प्रती सांगितल्या आहेत. क्लीव्हलंड, दोन याद्या काढल्या आणि तुम्ही म्हणालात तसंच निघालं, संस्था वेगवेगळ्या आहेत. तुमचं ते ७१ आणि ती अकरा वर्षं मी विसरणार नाही.

चिराबाजार काका, तुमचे दोन प्रश्न वहीत लिहून ठेवलेत. नफ्याचा आकडा माझ्याकडे नाही. पेएबलच्या टेबलावर तो येत नाही. तिथं परतले की मागेन.

चिराबाजार

मागा. हिशेब विचारण्यात उद्धटपणा नाही.

मुलुंड_पूर्व (सात महिन्यांनंतर)

धागा वर काढते आहे, कारण ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना पुढचं कळायला हवं.

जानेवारीत प्रवेश झाला. एका संस्थेने बीकॉम पूर्ण बॅचलर्स धरलं, एमकॉमच्या पहिल्या भागाचे वेगळे क्रेडिट दिले. सिलॅबसमुळे कॉस्टिंगमधून सूट मिळाली. कंपनीत शिक्षणाची योजना होती, चार वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. या सत्राला दोनच विषय: ऑडिटिंग, आणि काका म्हणाले होते तसा स्टँडर्ड शोधून टिपण लिहायचा. मंगळवार-गुरुवार सहा ते पावणेनऊ. वर्गात माझ्या वयाचे आम्ही तिघं. एक फिलिपिन्सचे गृहस्थ आहेत, मनिलात वीस वर्षं ऑडिट केलेले, सध्या एका गोदामात स्टॉक मोजतात. एक बाई नायजेरियाच्या. पहिल्या दिवशी ओळख करून देताना तिघांनीही वर्षांचा आकडा सांगितला आणि तिघांनीही तो हळू आवाजात सांगितला.

दुसऱ्या आठवड्यात टिपणाचा विषय आला: स्वतःच्या कामातली एक चूक घ्या आणि ती मटेरिअल होती का ते लिहा. मी विम्याचीच घेतली. आकडे लागणार होते म्हणून कंट्रोलरना, म्हणजे कंपनीच्या हिशेबाच्या प्रमुखांना, ईमेल लिहिली, कशासाठी हवेत तेही लिहिलं. अभ्यासासाठी, कंपनीचं नाव न घालता वापर, म्हणून त्यांनी दिले.

काका, तुमचं उत्तर.

त्या वर्षीचा नफा ४,१०,००० डॉलर. २७,००० म्हणजे ६.६ टक्के. इथपर्यंत येऊन मला वाटलं, मी बरोबर होते, झालं. मग आदल्या वर्षाचा हप्ता बघितला: ३३,६००. तोही सगळा तेव्हाच खर्चात टाकलेला. त्यातले नऊ महिन्यांचे २५,२०० खरे तर माझ्या वर्षाचे. म्हणजे माझ्या वर्षाचा खरा विमा खर्च २५,२०० अधिक ९,०००, एकूण ३४,२००. खात्यात होते ३६,०००. नफ्यात फरक फक्त १,८०० चा, अर्धा टक्कासुद्धा नाही. आणि ऑडिटरच्या एंट्रीत विमा खर्चाला जमा होते १,८००, रिटेन्ड अर्निंग्जला २५,२००. ती ओळ आदल्या वर्षाची होती. जो खर्च आदल्या वर्षाने जास्तीचा उचलला, तो त्याच्या नफ्यात परत केला. आपल्या एएस-५ ने तो यंदाच्या नफ्यात टाकला असता आणि यंदाचा नफा उगाच फुगला असता.

मॅनेजर म्हणाले होते "फरक पडत नाही". नफ्यापुरतं ते खरं होतं, आणि मी टिपणात तसं लिहिलं. पण ताळेबंदात २७,००० ची मालमत्ता दिसतच नव्हती, आणि ती तशी दरवर्षी दिसत नव्हती. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २००६ मध्ये शेअर बाजारातल्या कंपन्यांसाठी सांगून ठेवलंय की चूक दोन्ही बाजूंनी मोजा, यंदाच्या नफ्यावर किती आणि ताळेबंदात साठलेली किती. आमची कंपनी त्यांच्या कक्षेत येत नाही, पण मोजायची रीत तीच घेतली. साडेतीन पानं झाली. कॉडिफिकेशनचे, म्हणजे तिथल्या स्टँडर्डच्या संग्रहाचे, परिच्छेद मी इंटरनेटवर मोफत वाचले, मुलगी शेजारी तिचा अभ्यास करत होती.

प्राध्यापिकेने मार्जिनमध्ये एकच प्रश्न लिहून टिपण परत दिलं: पुढच्या वर्षी हप्ता दुप्पट झाला असता तर?

चिराबाजार

छान प्रश्न आहे. हप्ता ७२,००० धरा, एंट्री दुरुस्त केलेली नाही असं समजा, आणि काढून इथं टाका. मी पेन घेऊन बसलो आहे.

मुलुंड_पूर्व

खर्चात टाकले ७२,०००. खरा खर्च: जुन्यातले २७,००० अधिक नव्यातले तीन महिन्यांचे १८,०००, म्हणजे ४५,०००. नफा २७,००० नी कमी दिसला असता. ताळेबंदातून ५४,००० गायब. म्हणजे जी सवय "फरक पडत नाही" म्हणून चालू होती, तिने त्या वर्षी नफ्यातच फरक पाडला असता, आणि तो ६ टक्क्यांच्या वर.

बरोबर आहे ना, काका?

चिराबाजार

बरोबर. नफा तेवढाच राहिला असं धरलंय, ते लिहा.

मुलुंड_पूर्व

लिहिते. गुरुवारी द्यायचं आहे.